मिनिटाला साठ शब्द : वाचन मोजणाऱ्या साधनांची गोष्ट

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरी पूर्ण करणाऱ्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द, तेही समजून, वाचावेत असे त्यातले एक उद्दिष्ट आहे. शिक्षकाच्या हातात मोबाइलचे घड्याळ, समोर मूल, मध्ये छापलेला उतारा. मिनिट संपले की शब्द मोजायचे आणि आकडा भरायचा. उद्देश चांगला आहे. चौथीत गेलेल्या मुलाला वाचता येत नसेल, तर ते वेळेवर कळलेच पाहिजे.

पण मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. कोल्हापूरला लागून असलेल्या कळंब्यात राहतो आणि दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांत माझी ऊठबस असते. तिथे एक वाक्य अधूनमधून कानावर येते, “उर्दूची पोरं वाचायला जरा मंदच असतात.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याने आकडे पाहिलेले असतात. मूल सहावीत-सातवीत जाईपर्यंत हे वाक्य त्याच्याही कानावर पडते आणि मग तेच स्वतःबद्दल तसे बोलू लागते.

घड्याळ खोटे बोलत नाही, हे मान्य. पण ते नेमके काय मोजते? मुलाची बुद्धी, मुलाची तयारी, की समोरच्या लिपीने त्याच्याकडून करून घेतलेले काम? माणूस भाषा कशी समजून घेतो, कशी वाचतो, कशी बोलतो, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला मनोभाषाविज्ञान म्हणतात. या शास्त्राच्या साधनांचा इतिहास पाहिला, तर आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथे सापडते.

वाचताना डोळा आणि मन काय करतात, हा प्रश्न युरोपातल्या प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी एका मुस्लिम विद्वानाने विचारला होता. दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले इब्न अल-हैसम प्रकाशशास्त्राचे जनक म्हणून आपल्याला माहीत आहेत. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या ‘किताब अल-मनाज़िर’मध्ये त्यांनी वाचनाबद्दलही एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला ‘अबजद’ हा शब्द दिसला, तर तो अलिफ, बे, जीम, दाल अशी एकेक अक्षरे जुळवत बसत नाही. ओळखीचा चेहरा पाहावा तसा तो शब्द एका नजरेत ओळखतो. अनोळखी शब्दासाठी मात्र त्याला अक्षरांकडे जावे लागते. म्हणजे पाहणे हे फक्त डोळ्याचे काम नाही, त्यात आधीच्या ओळखीचा वाटा असतो. कल्पना तयार होती, पण ही ‘एक नजर’ केवढी, हे मोजायला त्या काळी साधन नव्हते.

ते साधन आले एकोणिसाव्या शतकात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे नेत्रवैद्य फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी १८६८ मध्ये मनाच्या कामाचा वेळ मोजण्याची एक सोपी युक्ती मांडली. समोरचा कोणता आवाज काढणार हे आधीच ठाऊक असेल, तर तो ऐकून तसाच उच्चारायला अमुक वेळ लागतो. अनेक आवाजांपैकी कोणताही येऊ शकतो आणि जो येईल तोच उच्चारायचा आहे, असे असेल तर जास्त वेळ लागतो. ऐकणे तेच, तोंड हलवणे तेच. मग वरचा वेळ गेला कुठे? आवाज ओळखून उत्तर निवडण्यात. मोठ्या वेळेतून छोटी वेळ वजा करा, मधल्या मानसिक कामाची किंमत निघते. आज संगणकाच्या पडद्यावर एक सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजली जाते, तरी पायाशी हीच वजाबाकी आहे.

या वजाबाकीची एक अट मात्र वाचकाने लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळे तिच्यावरच उभे आहे. दोन कामांत एकच गोष्ट वेगळी हवी आणि बाकी सारे सारखे हवे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर उरलेला वेळ कोणाच्या खात्यावर टाकायचा हे सांगता येत नाही.

जेम्स मॅकीन कॅटेल या अमेरिकन विद्यार्थ्याने जर्मनीतल्या लाइपझिग येथे हाच मार्ग वाचनासाठी वापरला. पापणी लवण्याच्याही आत अक्षरे दाखवून झाकायची आणि काय दिसले ते विचारायचे, असे उपकरण त्याने वापरले. १८८६ मध्ये छापलेले त्याचे निष्कर्ष शिक्षकांनी आजही वाचावेत असे आहेत. सुटी, असंबद्ध अक्षरे दाखवली तर माणसाला तीन-चारच पकडता येतात. तीच अक्षरे शब्दांत गुंफली तर त्याहून कितीतरी जास्त पकडता येतात. ओळखीचा छोटा शब्द ओळखायला एका सुट्या अक्षराइतकाच वेळ लागतो. इब्न अल-हैसम यांच्या ‘अबजद’वर घड्याळाने केलेली ही सहीच म्हणायची.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये एमिल जावाल डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास करत होते. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत जात नाही, तो टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातो, असे १८७९ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. उडी, थांबा, उडी, थांबा. शब्द दिसतो तो थांब्यावर. अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी पुढे या उड्या कागदावर उतरवल्या. त्यासाठी वाचकाचा डोळा औषधाने बधिर करून त्यावर प्लॅस्टरची छोटी वाटी बसवायची, तिला हलकी काडी जोडायची आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर ती काडी रेघ ओढेल अशी व्यवस्था करायची. वाचनाच्या मानसशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९०८ मध्ये आला. आज तेच काम लांब ठेवलेला कॅमेरा करतो, डोळ्याला हातही लागत नाही. डोळा एका थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो, हेही आता पक्के झाले आहे.

मग प्रश्न आला तो असा की, एका थांब्यावर आजूबाजूचे किती दिसते? १९७५ मध्ये जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी यासाठी संगणकाला डोळ्याशी जोडले. नजर जिथे टेकेल तिथलीच काही अक्षरे पडद्यावर खरी दिसायची, बाकीच्या ओळीत निरर्थक अक्षरे भरलेली. नजर सरकली की ही खिडकीही सरकायची. खिडकी लहान केल्यावर वाचन कुठे अडखळते ते पाहिले, की माणूस किती अक्षरांचा उपयोग करून घेतो ते कळते. इंग्रजी वाचक नजरेच्या डावीकडची तीन-चार अक्षरे वापरतात आणि उजवीकडची चौदा-पंधरा.

इथे कोणी म्हणाले असते, मानवी मेंदूची बैठकच तशी आहे, उजवीकडे जास्त पाहणे हा निसर्गनियम आहे. पण १९८१ मध्ये इस्रायलमधल्या हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांवर हाच प्रयोग झाला. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. तीच माणसे हिब्रू वाचताना डावीकडचे जास्त वापरत होती आणि इंग्रजी वाचताना उजवीकडचे. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी उर्दू आणि इंग्रजी वाचणाऱ्यांवर असाच प्रयोग केला. निष्कर्ष तोच निघाला. उर्दू वाचताना नजरेचे क्षेत्र डावीकडे झुकते, इंग्रजी वाचताना उजवीकडे.

माझ्या वर्गातले मूल सकाळी मदरशात कुरआन वाचते, दुपारी उर्दूचा धडा, मग मराठीचा, नंतर इंग्रजीचा. म्हणजे त्याची नजर दिवसातून दोन-तीन वेळा कूस बदलते आणि आपल्याला कोणालाही ते जाणवत नाही. त्यालाही नाही. एवढे मोठे काम मूल बिनबोभाट करते, ते मोजायला मात्र आपल्याकडे रकाना नाही.

साधन बारीक झाले म्हणजे निकाल खरा होतोच असे नाही. याचे सर्वात बोलके उदाहरण आपल्यासारख्याच दुभाषी मुलांचे आहे. १९२३ मध्ये डी. जे. सायर यांनी वेल्समधल्या सुमारे चौदाशे मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. घरी वेल्श आणि शाळेत इंग्रजी असणारी मुले एकभाषिक मुलांपेक्षा मागे दिसली. दोन भाषांमुळे मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो, असा अर्थ त्यातून काढला गेला आणि पुढची कित्येक वर्षे तो शाळाशाळांत मुरला. पण हा फरक खेड्यांतल्या मुलांत दिसत होता, शहरांतल्या मुलांत नव्हे. म्हणजे डॉन्डर्सची अट मोडली होती. भाषा वेगळी, राहणीमान वेगळे, शाळा वेगळी. इतके सगळे वेगळे असताना उरलेली बाकी एकट्या भाषेच्या नावावर टाकली गेली.

१९६२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी फ्रेंच शाळांतल्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली. या वेळी घरची आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी असलेली मुले घेतली. निकाल उलटा आला. दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. यावरही पुढे आक्षेप आले. दोन्ही भाषांत तरबेज मुलेच निवडली, तर हुशार मुले आपोआप निवडली जाणार, असे टीकाकार म्हणाले. दुभाषी असण्याने बुद्धी वाढते का, हा वाद आजही मिटलेला नाही. माझ्या दृष्टीने वाद मिटणे गरजेचेही नाही. दोन भाषांनी मूल मंद होते, हा जो शिक्का होता तो तुलनेच्या चुकीतून आला होता, एवढे कळले तरी पुष्कळ आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. इथल्या भाषांची पहिली मोठी मोजणी जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ने केली. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. दखनीची नोंद नवव्या खंडात, पश्चिमी हिंदीच्या भागात, १९१६ मध्ये आली. त्यांचे साधन साधे होते. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगून घ्यायची आणि नमुने शेजारी ठेवायचे. एवढ्या प्रचंड देशात तुलनेसाठी मजकूर एकच ठेवला, हे शहाणपणाचेच होते. पण या पद्धतीत प्रत्येक नमुना एका भाषेचा असतो. मराठी एका खंडात गेली, दखनी दुसऱ्यात, कन्नड तिसऱ्यात. एकाच माणसाच्या डोक्यात या तिन्ही नांदतात तेव्हा काय होते, हे त्या कपाटात कुठेच दिसत नाही.

ते पाहिले गेले आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला. आज कुपवाड सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग आहे आणि बहुतेकांना ते एमआयडीसीमुळे माहीत आहे. १९६० च्या दशकात ते तीनेक हजार वस्तीचे गाव होते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट विल्सन यांनी या गावावर लिहिलेला निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरातल्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवला जातो. गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, दलित आणि शेतमजूर घरांत मराठी, मुसलमान शेतकऱ्यांच्या घरांत उर्दू आणि दोर वळणाऱ्या काही घरांत तेलुगू बोलली जात होती. बहुतेक पुरुषांना यातल्या एकापेक्षा जास्त भाषा येत होत्या. हे काही नवे नव्हते, पिढ्यानपिढ्या चालत आले होते.

त्यांनी केले काय? एकाच अर्थाचे वाक्य गावच्या कन्नडमध्ये, गावच्या मराठीत आणि गावच्या उर्दूत घेतले आणि शब्दाखाली शब्द लिहिला. शब्द वेगवेगळे होते, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक निघाला. एका भाषेतला शब्द उचलून त्याच जागी दुसऱ्या भाषेतला ठेवला की भाषांतर तयार. हा सांगाडा कोणा एका भाषेने इतरांवर लादलेला नव्हता, देवघेव सर्व बाजूंनी झाली होती. कन्नडमध्ये लिंग ठरते ते माणसांचे, वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. प्रमाण उर्दूत नदी स्त्रीलिंगी, म्हणून ‘नदी आयी’. कुपवाडच्या उर्दूत मात्र ‘नदी आया’, म्हणजे पूर आला. उलट प्रमाण कन्नडमध्ये ‘हे आमचे घर’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. कुपवाडच्या कन्नडने मराठी-उर्दूसारखे शेवटी ‘आहे’ जोडून घेतले होते.

‘नदी आया’ हे वाक्य उर्दूच्या वहीत कोणी लिहिले, तर मी त्याखाली लाल रेघ ओढीन. परीक्षेत प्रमाण उर्दू लागते, तेव्हा ते माझे कामच आहे. पण ती रेघ ओढताना हेही ठाऊक असले पाहिजे की, ही विसरभोळेपणाची चूक नव्हे. दिवसभरात तीन भाषांत बोलणाऱ्या मनाने तीन व्याकरणांचे ओझे हलके करून एकच सांगाडा वापरायला घेतला आणि घराची ओळख शब्दांत जपली. आपल्या घरांतली दखनी याच कुळातली आहे. ‘नक्को’, ‘ऐसाच’, ‘वोच’ यांतला ‘नको’ आणि ‘च’ मराठीने दिलेला आहे. त्याला ‘बिगडी हुई उर्दू’ म्हणणे सोपे आहे. पण ते म्हणताना आपण आजीची बोली लखनौच्या मापाने मोजत असतो. तिने ते माप कधी मागितलेले नसते.

आता पुन्हा त्या साठ शब्दांकडे. उर्दू खरेच हळू वाचली जाते का? यावर आपल्याच देशात एक चांगला प्रयोग झाला. चैत्रा राव, ज्योत्स्ना वैद, नारायणन श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी आणि उर्दू या दोन्ही लिप्या वाचता येणारे वाचक घेतले. पडद्यावर शब्द दाखवायचा आणि तो मोठ्याने उच्चारायला किती वेळ लागतो ते मोजायचे. रचनेतली खुबी पाहा. हिंदी वाचणारी माणसे एकीकडे आणि उर्दू वाचणारी दुसरीकडे, असे केले नाही. माणूस तोच, डोके तेच, बोलीही जवळजवळ तीच. वेगळी फक्त लिपी. डॉन्डर्सची अट इथे पाळली गेली. आणि उर्दू शब्दांना जास्त वेळ लागला.

कारण आपल्या ओळखीचे आहे. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरे एकत्र लिहा. तो ‘मुल्क’ असेल, म्हणजे देश. ‘मलिक’ असेल, म्हणजे राजा. ‘मलक’ असेल, म्हणजे फ़रिश्ता. ‘मिल्क’ही असेल, म्हणजे मालमत्ता. ज़बर, ज़ेर, पेश सहसा लिहिले जात नाहीत, त्यामुळे वाचकाने आधी वाक्याचा अर्थ धरायचा आणि मग शब्द उच्चारायचा. शिवाय अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रूप बदलते, आणि एका नुक़्त्याने बे चा नून होतो. देवनागरीत स्वर समोर लिहिलेले असतात. अर्थात देवनागरीही अगदी निर्दोष नाही. ‘कि’मधली वेलांटी कागदावर आधी येते आणि तोंडात नंतर. वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये दाखवले की, अशा शब्दांवर वाचक थोडा जास्त रेंगाळतो. प्रत्येक लिपी आपला वेळ घेते, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

तेव्हा मराठी शाळेतल्या मुलाचे मिनिट आणि उर्दू शाळेतल्या मुलाचे मिनिट शेजारी ठेवून मुलांबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे सायर यांचीच चूक शंभर वर्षांनी पुन्हा करणे आहे. हे वरच्या पातळीवर कोणाला कळत नाही असेही नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांची वीस भाषांत वाचन-पाहणी केली, तेव्हा प्रत्येक भाषेसाठी मिनिटाच्या शब्दांची पातळी वेगवेगळी ठरवली. म्हणजे भाषांची फूटपट्टी एक असू शकत नाही, हे सरकारी कागदावर आलेले आहे. ते शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पांत अजून आलेले नाही.

यावरून उर्दू शाळांना सवलतीचे गुण द्यावेत असे मला म्हणायचे नाही. लिपी वेळ घेते, म्हणून शिकवणे ढिले पडावे, हा तर उलटा अर्थ झाला. काम जास्त असेल तर सराव जास्त हवा. इब्न अल-हैसम आणि कॅटेल दोघेही सांगतात की, ओळखीचा शब्द एका नजरेत वाचला जातो. मग उर्दूच्या मुलाला ओळखीचे शब्द पुष्कळ, रोज, वेगवेगळ्या वाक्यांत भेटले पाहिजेत. धड्याबाहेरची गोष्टीची पुस्तके म्हणजे इथे चैन नव्हे, गरज आहे. कुरआनचा अरबी मजकूर मूल पूर्ण एराबसह शिकते, म्हणून तो त्याला उच्चारता येतो. उर्दूच्या पहिल्या दोन वर्षांत शंकेच्या जागी तरी एराब द्यावेत आणि ते हळूहळू कमी करावेत. यासाठी कोणताही शासन निर्णय लागत नाही, फळ्यावर खडू असला की झाले.

आणि मोजायचेच असेल, तर मुलाला शेजारच्या शाळेशी तोलू नये. दुकान, जमीन, वकील, हवा, शहर, नजर असे दोन्ही भाषांत चालणारे वीस शब्द घ्यावेत. मूल तेच ठेवून ते दोन्ही लिप्यांत वाचायला द्यावेत आणि जूनमध्ये, दिवाळीनंतर, मार्चमध्ये पुन्हा पाहावे. ही काही प्रयोगशाळा नव्हे, पण तुलना सरळ आहे. अडखळणे दोन्ही लिप्यांत असेल, तर मुलाला मदत हवी. फक्त उर्दूत असेल, तर सराव हवा. फक्त देवनागरीत असेल, तर तिच्याकडे वळावे. प्रत्येक वेळी उत्तर वेगळे येईल आणि ‘मंद’ हा शब्द त्यातल्या एकाही उत्तरात बसणार नाही.